वजन उतरवताना थकवा का येतो?

चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी 8 किलो वजन कमी करायला सांगितलं. मी उत्साहाच्या भरात सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण, दोन्ही बंद केलं. आठवड्यात अडीच किलो उतरले! घरभर सांगत सुटले. दहाव्या दिवशी जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरला म्हणून वाचले.

डॉक्टर चांगलेच रागावले. म्हणाले, ते अडीच किलो बहुतेक पाण्याचे. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतं आणि तिच्या एकेका ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. उपासमार केली की आधी हा साठा संपतो, पाणी निघून जातं आणि काटा खाली येतो. किलोभर चरबी जायला मात्र सुमारे 7,700 कॅलरींची तूट लागते. रोज 500ची तूट धरली तरी पंधरवडा गेला! घाई केली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, मग अंगात ताकद राहणार कुठून?

आता दोन भाकऱ्यांची एक केली आहे, पण वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, कोशिंबीर आणि ताक सोडत नाही. नाश्ताही करते. (मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवूच नये.)

आणखी एक. माझं हिमोग्लोबिन 9 निघालं, म्हणजे थकव्याचं खापर एकट्या उपासावर फोडून चालणार नव्हतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. उसळीवर लिंबू पिळते आणि जेवणावरचा चहा, जिवावर आलं तरी, तासभर पुढे ढकलते.