सव्वा व्होल्टात मावणारा आवाज

आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या ओपीडीत गर्दी जास्त असते. बाजार आणि दवाखाना एकाच फेरीत उरकतो. अशाच एका दिवशी खर्ड्याकडच्या वस्तीवरून एक आजी मुलाबरोबर आल्या. सत्तरी ओलांडलेली. मुलाने खिशातून पिशवी काढली, पिशवीतून रुमाल आणि रुमालातून कानामागे लावायचे श्रवणयंत्र. "डॉक्टरसाहेब, शिबिरात मिळालं होतं. थोडे दिवस चाललं, आता मेलंय." आजींचे म्हणणे निराळेच होते : "आवाज यायचा, पर बोलनं कळायचं न्हाई."

यंत्र मेले नव्हते, सेल संपला होता. पण आजींच्या तक्रारीचे उत्तर एवढे सोपे नव्हते. ते समजायला त्या यंत्रात काय चालते हे थोडे पाहावे लागते.

आपण साधे बोलतो तेव्हा यंत्रातल्या मायक्रोफोनमधून निघणारा विद्युतसंकेत एका व्होल्टच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असतो. तो शेकडो पटींनी वाढवून कानातल्या छोट्या स्पीकरला द्यायचा, हे अॅम्प्लिफायरचे काम. भजनी मंडळाचा अॅम्प्लिफायरही तेच करतो, पण त्याच्या पाठीशी घरची 230 व्होल्ट वीज किंवा 12 व्होल्टची बॅटरी असते. श्रवणयंत्राच्या पाठीशी असतो शर्टाच्या बटणापेक्षा लहान झिंक-एअर सेल : नवा असताना 1.4 व्होल्ट, संपत आला की जेमतेम 1.1.

अडचण इथेच आहे. सिलिकॉनच्या साध्या ट्रान्झिस्टरला नुसते चालू व्हायला 0.6 व्होल्टच्या आसपास लागतात. नेहमीच्या सर्किटमध्ये असे दोन-तीन ट्रान्झिस्टर एकावर एक रचतात. दोघांचेच 1.2 व्होल्ट झाले. सेल 1.1 वर आला की ते बसतच नाहीत. जुन्या वाड्यातल्या माळ्यासारखे हे आहे, ताठ उभे राहायला जागा नाही, वाकूनच वावरायचे. त्यातच आवाजाची लाट वरखाली हलवायची असते. उंची कमी पडली की लाटेचे शेंडे छताला आपटून सपाट होतात, आवाज फाटतो. गणपतीच्या मांडवातला कर्णा फाटतो तसाच. धडधाकट कानाला त्यातूनही शब्द वेचता येतात, अधू कानाला ते फार जड जाते.

अभियंत्यांनी यावर काढलेल्या वाटा मला नेहमीच मोहवतात. पहिली, ट्रान्झिस्टर एकावर एक न रचता शेजारी शेजारी मांडायचे. दुसरी अधिक गमतीची. ट्रान्झिस्टरचा एक प्रकार असा असतो की ठरावीक व्होल्टच्या खाली तो 'बंद' समजला जातो. पण तो पुरता बंद नसतो, थोडी वीज झिरपतच असते. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगासाठी काम करणाऱ्या एरिक व्हिटोझ आणि जाँ फेलराथ यांनी 1977 मध्ये या झिरपण्यावरच नीट चालणारी सर्किटे मांडली. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पाटाने पाणी द्यायला जमत नसेल तर ठिबकवर बाग जगवता येते. ठिबकची किंमत म्हणजे सर्किटचा वेग मंदावतो, पण माणसाचा आवाज सेकंदाला काही हजार कंपनांचाच, त्याला तेवढा वेग पुरतो. दुसरी किंमत म्हणजे खरखर. प्रवाह कमी केला की पार्श्वभूमीचा सूंऽ आवाज वर येतो. म्हणून मायक्रोफोनलगतच्या पहिल्या टप्प्याला जरा सढळ हाताने वीज द्यायची आणि बाकीच्यांना काटकसर. शेवटच्या टप्प्यात स्पीकरची दोन्ही टोके आळीपाळीने ढकलतात, त्यामुळे त्याच सव्वा व्होल्टात लाटेला दुप्पट उंची मिळते.

खरे तर या विद्येची पायवाट बहिऱ्या माणसांसाठीच पडली. व्हॉल्व्हच्या काळातल्या श्रवणयंत्राला दोन बॅटऱ्या लागत, त्यातली एक 22 व्होल्ट किंवा त्याहून मोठी. डिसेंबर 1947 मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला आणि 1952 च्या अखेरीस श्रवणयंत्रातूनच तो प्रथम सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती आला. इंटिग्रेटेड सर्किटसाठी 2000 साली नोबेल मिळालेले जॅक किल्बी त्याआधी श्रवणयंत्रांचे अॅम्प्लिफायरच बनवत होते. आज यंत्रे डिजिटल झाली आहेत. तरी मायक्रोफोन आणि चिप यांच्यामधला अॅम्प्लिफायर जुन्याच जातीचा आहे आणि तोही त्याच बटणसेलवर जगतो.

आता आजींची तक्रार. उतारवयात आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी झडतात. हळू आवाज ऐकू येत नाही, मोठा मात्र पूर्वीइतकाच मोठा वाटतो. घरोघरी हे दिसते. आधी "जरा मोठ्यानं बोल" आणि लगेच "ओरडतोस कशाला?" अशा कानाला सगळेच आवाज सारखे वाढवून देणारे यंत्र जाच होते. हळू आवाज जास्त आणि मोठा कमी वाढवायला हवा. हे कसे साधावे यावर मुंबईच्या आयआयटीत प्रा. प्रेम पांडे यांच्या गटाने पुष्कळ काम केले आहे. पण उत्तम यंत्रही त्या माणसाच्या कानाच्या तपासणीप्रमाणे जुळवावे लागते. तपासणी न करता हातात ठेवलेले यंत्र म्हणजे दुसऱ्याचा चष्मा.

शिबिरांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. वाटप होते, फोटो निघतो. सेल संपल्यावर नवा कुठे मिळेल हे कोणी सांगत नाही. खिशात ठेवायच्या जुन्या यंत्राला पेन्सिल सेल चालायचा, तो किराणा दुकानातही मिळतो. बटणसेल तालुक्याला मिळेलच असे नाही. यंत्र घेतानाच सेलचा नंबर लिहून घ्या. स्टिकरचा रंगही लक्षात ठेवा : पिवळा 10, तपकिरी 312, केशरी 13, निळा 675. हा सेल हवेवर चालतो. स्टिकर काढला की मिनिटभर उघडा ठेवा, मग बसवा. स्टिकर पुन्हा चिकटवून सेल वाचवता येत नाही. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आतला ओलावा उडून तो लवकर बसतो, तेव्हा एकदम डझनभर आणून पत्र्याच्या घरात ठेवू नका. रात्री यंत्राची सेलची झडप उघडी ठेवा. आणि लहान मुलांपासून जपा. कुठलाही बटणसेल मुलाने गिळला, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

आजींच्या मुलाने नगरहून सेल आणले. कानाची तपासणीही तिथेच करून घेतली, यंत्र जुळवून घेतले. पुढच्या महिन्यात त्या दोघे पुन्हा आले. मी रक्तदाब घेत होतो. आजी माझ्याकडे न बघता छताकडे बघत होत्या.

"डाक्टर," त्या म्हणाल्या, "ह्यो पंखा कवापास्नं कुरकुरतोय?"