सीमोल्लंघनापूर्वी जुन्या गाडीचे देणे

खंडेनवमीला भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत लेथवर आणि प्रेसवर झेंडूच्या माळा चढतात, पान्यांना व पकडींना हळदकुंकू लागते. ज्या हातांनी वर्षभर इतरांच्या मोटारींचे भाग घडविले, तेच हात दुसऱ्या दिवशी विजयादशमीच्या मुहूर्तावर स्वतःच्या दारी मोटार आणतात. साठच्या दशकात टेल्कोने पिंपरीत मूळ धरले, १९९९ साली बजाजचा कारखाना चाकणला उभा राहिला, २००९ साली तेथेच फोक्सवॅगन आली. आणि या पट्ट्यातील नोकरदाराच्या घरी मोटार ही नवलाची वस्तू उरली नाही. आता तर पहिल्या मोटारीपेक्षा दुसरीचीच पूजा अधिक दिसते, म्हणजे जुनी देऊन घेतलेल्या नवीची. त्या जुनीचे हप्ते फिटले होते की नव्हते, हे मात्र पूजेच्या ताटापाशी सहसा कोणी विचारीत नाही.

आमच्या परिचयाच्या मोशीच्या एका घरात ते विचारले गेले. दसऱ्याला पंधरा दिवस होते. चाकणच्या कंपनीत नोकरीस असलेल्या नातवाने नव्या गाडीच्या बुकिंगची पावती देवापुढे ठेवली. आजींनी चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाल्या, "जुन्या गाडीचं कर्ज फिटलं का रे?" नातू म्हणाला, "ते शोरूमवाले बघून घेतात, आजी." "त्यांच्या खिशातून?" आजींनी विचारले. त्या वेळी आम्ही तेथे बसलो होतो. साहजिकच कागदांची पिशवी आमच्या पुढ्यात आली.

कर्ज ८ लाखांचे, दर शेकडा ९, मुदत ७ वर्षे. मासिक हप्ता सुमारे १२,८७१ रुपये. ३ वर्षे पूर्ण झालेली, एकही हप्ता चुकलेला नाही. नातवाची समजूत अशी की ३६ हप्त्यांत ४ लाख ६३ हजार भरले, तेव्हा देणे साडेतीन लाखांच्या आत आले असेल. ही समजूत बहुतेक घरांत आढळते आणि ती चुकीची आहे. हप्ता दरमहा सारखाच असला तरी त्याच्या पोटातील वाटणी सारखी नसते. व्याज शिल्लक मुद्दलावर चढते, म्हणून आरंभी ते अधिक. पहिल्या हप्त्यातले ६,००० रुपये नुसते व्याजाचे होते. तीन वर्षांत सुमारे १ लाख ८० हजार व्याजापोटी गेले आणि मुद्दल उरले ते ५ लाख १७ हजार.

शोरूमने जुन्या गाडीची किंमत धरली होती ४ लाख ७० हजार. कर्जाच्या करारात मुदतीपूर्वी खाते बंद केल्यास शिल्लक मुद्दलावर शेकडा ३ शुल्क लिहिलेले, म्हणजे आणखी साडेपंधरा हजार. त्यावरील कर निराळा. एकूण तूट भरली सुमारे ६२,७०० रुपयांची. शोरूमचा तोडगा सोपा होता: ही रक्कम नव्या कर्जातच बसवून देतो. बसविली असती. परंतु त्याच दराने आणि तेवढ्याच मुदतीत तिचा हप्ता दरमहा हजाराच्या वर जातो. सात वर्षांत ८४ हजारांहून अधिक रुपये, तेही अशा गाडीसाठी जी एव्हाना दुसऱ्याच कोणाच्या दारात उभी असेल!

येथे आम्हांस दसऱ्याच्या सोन्याची कथा आठवली. वरतंतु ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रांसाठी रघुराजाकडे गेला. कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात ती हकीकत वर्णिली आहे. कुबेराने सोन्याचा वर्षाव केला, आणि लोककथा सांगते की तो आपट्याच्या झाडांवर पडला. आपण त्या वर्षावाचे स्मरण ठेवतो. मूळ प्रसंग मात्र देणे फेडण्याचा आहे. राजा सगळेच देऊ करीत असता कौत्साने गुरूचे होते तेवढेच मोजून घेतले. देण्याचा आकडा त्याला ठाऊक होता.

हा आकडा मागण्याचा आपल्यालाही अधिकार आहे. बँकेकडून वा वित्तसंस्थेकडून, अमुक दिवशी खाते बंद केल्यास किती भरावे लागेल, याचे लेखी पत्र घ्यावे आणि मगच गाडीची किंमत ठरवावयास बसावे. शुल्काचे कलमही नीट वाचावे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकरण झालेल्या, बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जांवर, व्यवसायासाठी नसल्यास, मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेण्यास मनाई केली आहे. मोटारीची कर्जे पुष्कळदा स्थिर दराची असतात आणि त्यांना ही सूट लागू होत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देतानाच सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखविणारे तथ्यपत्रक देणे बंधनकारक झाले आहे. नव्या कर्जाचे ते पत्रक सही करण्याआधी घरी आणून वाचावे. विलायतेत १९७४ च्या ग्राहक-कर्ज कायद्याने हप्तेखरेदीची गाडी, एकूण देय रकमेचा अर्धा भाग फिटल्यावर, परत करून मोकळे होता येते. आपल्याकडील गाडी नजरगहाण असते. ती परत केली तरी विक्रीतून न भरलेले कर्ज आपल्याच माथी राहते.

जुन्या गाडीची किंमत ही तर आणखी चंचल गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर शेकडा २८ वरून १८ वर आला. लोकांना आनंद झाला. पण नवी गाडी स्वस्त झाली की दारातल्या जुनीचेही मोल खाली ओढले जाते, हे एक्स्चेंज करावयास गेलेल्यांनाच उमगले असेल. कर्जाची शिल्लक मात्र पैशानेही घटली नाही.

कागदांविषयी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू. कर्ज फिटल्यावर वित्तसंस्थेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आर.टी.ओ.त नोंदणीवरचा बोजा उतरवावा लागतो, आणि फॉर्म २९ व ३० वर मालकी नव्या माणसाच्या नावे जावी लागते. शोरूमवाले करतील म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या करून घरी येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले की गाडी पुढे कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईस नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच मालक जबाबदार. विम्याची 'नो क्लेम' सवलत मात्र मालकाची असते, गाडीची नव्हे. ती नव्या विम्यात न्यावी. पुष्कळ जण विसरतात.

मोशीच्या घरी आम्ही आणखी एक हिशेब मांडला. दोन वर्षे थांबल्यास मुद्दल २ लाख ८२ हजारांच्या आत येते. गाडीची किंमतही तोवर उतरेल. परंतु ती देण्यापेक्षा वर राहण्याचा संभव पुष्कळ. नातू थोडा हिरमुसला. शेजाऱ्यांना सांगून झाले होते, आणि खरी अडचण बहुधा तीच होती. आजींनी देहूची आठवण काढली. तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते. "पण ते सावकार होते बाबा," आजी म्हणाल्या, "लोकांकडून येणं होतं त्यांचं. आपलं तर देणं आहे."

बुकिंगची रक्कम थोडी कपात होऊन परत आली. दसऱ्याला जुनीच गाडी धुऊन पुसून दारात उभी राहिली. तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक निघाले, चाकाखाली लिंबू ठेवले गेले, आणि संध्याकाळी सोने वाटून झाल्यावर नातवाने आजींना तिच्यातूनच देहूला नेले.