तरणतलावाचे पाणी : स्टॅबिलायझरचा हिशोब ठेवा

अलिबाग, कर्जत, लोणावळा या भागांत बंगले आणि फार्महाऊस वाढले, तसे खासगी तरणतलावही वाढले. प्लंबिंग, फरशीकाम, मोटरपंप दुरुस्ती या धंद्यांत आपल्या समाजाचे अनेक कारागीर आहेत. तलावाच्या देखभालीचे काम त्यांना सहज जोडता येईल. मात्र त्यासाठी पाण्यातील रसायनांची जाण हवी. त्यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते स्टॅबिलायझरकडे.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड. उघड्या तलावातील क्लोरीन कडक उन्हात काही तासांतच उडून जाते. हे अ‍ॅसिड त्याला धरून ठेवते. प्रमाण साधारण ३० ते ५० पीपीएम असावे, म्हणजे हजार लिटर पाण्याला ३० ते ५० ग्रॅम. ५० हजार लिटरच्या नव्या तलावाला ३० पीपीएमसाठी दीड किलो पुरते. ते सावकाश विरघळते, म्हणून कापडी पिशवीत बांधून पाणी आत येते त्या तोंडापाशी लटकवावे. बंदिस्त छताखालच्या तलावाला त्याची गरज नाही.

खरी अडचण पुढे येते. बाजारातील ट्रायक्लोर गोळ्यांत क्लोरीनबरोबर हेच अ‍ॅसिड असते. २०० ग्रॅमची एक गोळी ५० हजार लिटर पाण्यात सुमारे २ पीपीएम भर घालते. एक दिवसाआड एक गोळी टाकली, तर तीन महिन्यांत आकडा शंभरावर जातो. क्लोरीन उन्हाने उडते, स्टॅबिलायझर मात्र उडत नाही, साचत जाते. प्रमाण फार वाढले की क्लोरीन जखडले जाते आणि जंतू मारण्याची त्याची गती मंदावते. पाणी निळेशार दिसते, चाचणीत क्लोरीनही दिसते, पण पोहणारी मुले आजारी पडू शकतात.

वाढलेले प्रमाण कमी करण्याचा भरवशाचा उपाय एकच, पाणी बदलणे. १०० वरून ४० वर आणायचे तर तलावाचे सुमारे ६० टक्के पाणी बदलावे लागते. मे महिन्यात टँकरने पाणी घेणाऱ्या मालकाला हा खर्च जड जातो. म्हणून महिन्यातून एकदा स्टॅबिलायझरची चाचणी करावी. आकडा ५० जवळ आला की गोळ्या थांबवून सोडियम हायपोक्लोराइट वापरावे. त्यात स्टॅबिलायझर नसते. पावसाळ्यात पाणी ओसंडून वाहते आणि प्रमाण घटते, तेव्हा पावसानंतर पुन्हा मोजावे.

एक इशारा. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट कधीही एकत्र करू नयेत, एकाच डब्यातून किंवा मापातून काढू नयेत. आग लागण्याचा, स्फोट होण्याचा धोका असतो.

प्रत्येक चाचणीची तारीख आणि आकडा वहीत लिहून मालकाला दाखवावा. पाणी स्वच्छ दिसते एवढ्यावर पैसे घेणे हेही मापात पापच आहे. दुसऱ्याच्या मुलांची तब्येत ही आपल्याकडे दिलेली अमानत आहे. ती सांभाळणाऱ्या कारागिराचे नाव होते आणि त्याच्या कमाईत बरकत येते.