घरचे बुद्धिबळ, स्पर्धेचे बुद्धिबळ

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत आमच्या लेकीचा राजा घोड्यासारखी उडी मारून पलीकडे जाऊन बसला, आणि पंच जवळ आले. "ही चाल नियमात बसत नाही, बेटा. राजाला हात लावलास ना, मग आता राजाच हलवावा लागेल." राजाला जायला एकच घर उरले होते. तिथे गेल्यावर पुढच्याच चालीत मात. सातवीतली पोर पांढरकवड्याच्या भर बाजारातून रडत घरी आली.

चूक तिची नव्हती आणि पंचांचीही नव्हती. तिला खेळ शिकवला होता अब्बांनी, आणि अब्बांचे बुद्धिबळ देशी. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. राजाला तोवर शह बसलेला नसेल तर सबंध डावात एकदा त्याला घोड्याची चाल घेता येते. किल्लेकोट नाही. प्यादे शेवटच्या ओळीत पोचले की ज्या मोहऱ्याचे ते घर, तोच मोहरा ते बनते; उठसूट वजीर मिळत नाही. गावोगावी थोडाफार फरक असेल, पण जुन्या माणसांच्या बैठकीत खेळ असाच चालत आला.

त्या रात्री आम्ही दोघा नवराबायकोंनी ठरवले की आपणही शिकायचे, म्हणजे पोरीला घरात नव्या नियमांनी खेळणारे कोणीतरी मिळेल. आम्हाला तोवर उंट तिरपा चालतो एवढेच ठाऊक होते.

पण त्याआधी अब्बांशी बोलणे भाग होते. तरुणपणी ते जिनिंगच्या आवारात खेळायचे. एकदा डाव रंगात आला आणि अस्रची नमाज गेली. घरी येऊन त्यांनी पट माळ्यावर टाकला, तो नात हट्टाला पेटेपर्यंत खाली काढला नाही. आमचे घर हनफी. हनफी फुकहांनी या खेळाबद्दल नापसंती सांगितली आहे. जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर इमाम शाफईंनी त्याला हराम म्हटलेले नाही. हा वाद मिटवणारे आम्ही कोण? ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. अब्बांनी विचारले आणि मग घरापुरत्या अटी घातल्या. अजान झाली की हातातला मोहरा खाली. पैज कसलीच नाही, चहाचीसुद्धा नाही. हरल्यावर तोंड वाकडे करायचे नाही. शेवटची अट सर्वांत जड गेली, आणि ती पोरीला नव्हे, आम्हाला!

पहिल्याच आठवड्यात लेकीने आम्हाला चार चालींत मात दिली. युक्ती साधी आहे. काळ्या राजाशेजारच्या उंटापुढे जे प्यादे असते, त्याला सुरुवातीला राजाशिवाय कोणीच राखत नसते. पांढऱ्याचा उंट आणि वजीर दोघेही त्याच्यावरच नेम धरतात. आम्ही आपले स्वतःच्या बेतात दंग होतो. तेव्हापासून एक सवय लावून घेतली: समोरच्याची चाल झाली की आधी तिचा रोख पाहायचा, मग आपला विचार.

दुसरा धडा याहून कडू. लेकीचा एकटा राजा उरला होता आणि आमच्याकडे वजीर. जिंकलोच म्हणून वजीर पुढे सारला, तर ती हसली. राजाला शह नव्हता, पण हलायला घरही नव्हते. "जिच!" अब्बा खाटेवरून म्हणाले. स्पर्धेच्या नियमात ही बरोबरी. म्हणून नवख्यांना आमचे सांगणे आहे की शिकायला शेवटापासून बसा. आधी दोन हत्तींनी मात करायला शिका: एक हत्ती ओळ अडवतो, दुसरा पुढच्या ओळीत शह देतो, असे करत राजाला पटाच्या कडेला न्यायचे. मग एका हत्तीने. मग राजा आणि एक प्यादे. सुरुवातीच्या चालींची पुस्तके नंतर. पट मांडताना उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरे घर येऊ द्या. आम्ही तिथेही चुकलो होतो.

अब्बांचे खरे भांडण झाले ते 'जाताजाता मारण्या'वरून. लेकीच्या प्याद्याने त्यांच्या प्याद्याला रिकाम्या घरात जाऊन मारले, आणि अब्बांनी पट सरकवला. "ही लबाडी आहे." त्यांना पटवायला आम्हाला आधी तो नियम नीट समजून घ्यावा लागला. देशी खेळात प्यादे एकेक घरच चालते, त्यामुळे समोरच्या प्याद्याच्या माऱ्यातून गेल्याशिवाय त्याला वाट नाही. पहिल्या चालीला दोन घरांची मुभा मिळाल्यावर ते मारा चुकवून निसटू लागले. ती पळवाट बंद करण्यासाठी हा नियम. लगेच पुढच्याच चालीत मारायचे, नाहीतर हक्क गेला. अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हं. इन्साफ आहे."

नियम बदलत आलेच आहेत. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आले. पण अब्बासी काळात बगदादचा अल-सूली ज्या शतरंजमध्ये नामवंत होता, त्यातला वजीर तिरपा एकच घर चाले. आजची त्याची धाव सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपात आली.

अब्बांना सर्वांत आवडली ती मीर सुलतान खान यांची हकिकत. पंजाबातला हा माणूस देशी नियमांवर वाढला. सर उमर हयात खान यांच्या पदरी असताना मोठेपणी विलायती नियम नव्याने शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. माजी जगज्जेता कापाब्लांका यालाही त्याने हरवले. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर केले ते २०२४ मध्ये, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

लेकीचा आदर्श मात्र जवळची आहे. आपण दवाखान्याला, खरेदीला ज्या महामार्गाने नागपूरला जातो, त्याच नागपूरची दिव्या देशमुख २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि ग्रँडमास्टर झाली. वय १९. तो फोटो लेकीने वहीत चिकटवला आहे. त्याच वहीत ती हरलेले डाव चालीगणिक लिहून ठेवते. जिंकलेले लिहायचा कंटाळा करते, यावर आमचे तिच्याशी अजून जमलेले नाही.

आता दर रविवारी दोन डाव होतात, एक देशी आणि एक स्पर्धेचा. देशीत अब्बांना कोणी हरवू शकलेले नाही. परवा दुसऱ्या डावात लेकीने एक प्यादे दोन घरे पुढे टाकले. अब्बांनी चष्मा सारखा केला, आपले प्यादे उचलून शेजारच्या रिकाम्या घरात ठेवले आणि तिचे प्यादे पटाबाहेर काढले. "जाताजाता," ते म्हणाले. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. डाव तसाच मांडलेला राहिला.