एक घास कमी : राजा प्रसेनजिताची रीत आणि आपले ताट

वजन कमी करण्याचा निश्चय आपल्या तरुणांकडून वर्षातून दोनदा तरी होतो. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की एकदा, आणि घरातल्या कुणाची साखर रिपोर्टमध्ये वाढलेली दिसली की दुसऱ्यांदा. मग भात बंद, भाकरी बंद, सकाळी नुसते लिंबूपाणी. चार दिवस हे चालते. पाचव्या दिवशी लग्नाची पंगत येते आणि सगळी कसर भरून निघते. केज तालुक्यातले नांदूरघाट असो की पुण्यातली वस्ती, कथा हीच. आपल्या मुलांमध्ये जिद्द कमी नाही, पण ही पद्धतच टिकणारी नाही. टिकणारी पद्धत आपल्याच धम्मसाहित्यात सांगितलेली आहे. ती काय आहे आणि आपल्या ताटात कशी आणायची, हे आज पाहू.

हा प्रश्न आपला आहे का?

काही कार्यकर्ते म्हणतात, "वजन कमी करणे हे शहरातल्या खात्यापित्या लोकांचे काम. आपल्या समाजाचा इतिहास भुकेचा आहे." इतिहास भुकेचा आहे, हे खरेच. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाद्यजीवनाची नोंद आहे. ती वाचली की आपल्या पूर्वजांनी काय खाऊन दिवस काढले ते कळते. 1972 च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो आजही बीड जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येते. म्हणून भरलेले ताट ही आपल्याकडे इज्जतीची गोष्ट आहे, आणि पाहुण्याला आग्रह करकरून वाढणे हे प्रेम.

पण ताट बदलले आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे रेशनवर माणशी दरमहा 5 किलो धान्य मिळते. ते प्रामुख्याने गहू आणि तांदूळ असते. भुकेवर हा मोठा आधार आहे, त्याबद्दल दुमत नाही. मात्र ज्वारी-बाजरी, हुलगे, मटकी मागे पडली आणि चहा-बिस्किट, वडापाव, भजी पुढे आली. काम बसून करायचे झाले, अभ्यासिकेत दहा-दहा तास जाऊ लागले, दोन पावलांसाठीही मोटारसायकल निघू लागली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. दुसरीकडे, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणजे पोट पुढे आणि अंगात रक्त नाही, अशी दोन्ही दुखणी एकाच घरात, कधी एकाच शरीरात नांदतात. म्हणून प्रश्न फक्त कमी खाण्याचा नाही, नीट खाण्याचाही आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर अखेरची अनेक वर्षे मधुमेहाने त्रस्त होते. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर ते आपल्यात अवघे 53 दिवस राहिले. शरीराने साथ सोडली की किती काम मागे राहते, हे आपल्या चळवळीला वेगळे सांगायला नको.

दोणभर भात खाणारा राजा

संयुत्त निकायातल्या कोसल संयुत्तात 'दोणपाक सुत्त' आहे. कोसल देशाचा राजा पसेनदी, म्हणजेच प्रसेनजित, रोज दोणभर तांदळाचा भात खात असे. दोण हे मोठे माप. असाच एकदा जेवून, धापा टाकत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला उपवास सांगितला नाही, त्याची थट्टाही केली नाही. जो सजग राहून जेवणाचे प्रमाण जाणतो त्याची दुखणी कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, अशा आशयाची एक छोटी गाथा सांगितली.

राजाने ओळखले की आपल्याला हे ताटावर बसल्यावर आठवणार नाही. म्हणून त्याने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि जेवताना म्हणायचे काम दिले. त्याबद्दल रोज शंभर कार्षापण देऊ केले. अट्ठकथेत आणखी तपशील येतो. राजा शेवटचा घास घेणार, तेवढ्यात गाथा म्हणायची. राजा तो घास ठेवून देई आणि त्या घासात जितकी शिते, तितके तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजवायचे. असे करत राजा दोणावरून नाळीभर भातावर आला. अंग हलके झाले आणि तथागतांचे उपकार मानताना त्याला शब्द पुरेनात.

आजच्या भाषेत या गोष्टीत चार सूत्रे आहेत. सुरुवात लहान, फक्त एक घास. कपात रोजची, पण हळूहळू. शिजवतानाच कमी, म्हणजे ताटात मोह नाही. आणि आठवण करून द्यायला सोबत माणूस. पालीत या गुणाला 'भोजने मत्तञ्ञुता' म्हणतात, म्हणजे भोजनातले प्रमाण जाणणे.

उपाशी राहणे म्हणजे धम्म नव्हे

सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षे देहदंड करून पाहिला. बरगड्या मोजता येतील इतके शरीर सुकले, पण ज्ञान मिळाले नाही. सुजातेने दिलेली खीर घेऊन ते उठले आणि मध्यम मार्गाकडे वळले. भरतीसाठी आठवडाभर उपाशी राहून 1600 मीटर पळायला उतरणाऱ्या मुलाने हे जरूर लक्षात घ्यावे. उपासाने पहिल्या दिवसांत उतरते ते बरेचसे पाणी असते, आणि पुढे स्नायूही झिजतात. मग धावायचे कशाच्या बळावर?

आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरणे पुरेसे आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेला एक मोठा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात वजन 7 टक्के उतरवणे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालणे एवढेच लक्ष्य होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण 58 टक्क्यांनी घटले. 80 किलोच्या माणसासाठी 7 टक्के म्हणजे साडेपाच किलो.

सुरुवात कोठून करायची?

सगळे एकदम नको. पुढच्यापैकी एकच गोष्ट घ्या, दोन-तीन आठवडे पाळा आणि अंगवळणी पडली की दुसरी घ्या.

*चहातली साखर.* कार्यकर्त्याला दिवसात सहा चहा सहज होतात. कपाला दोन चमचे धरले तर 60 ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे 240 कॅलरी, जवळजवळ एका मोठ्या भाकरीइतक्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहणे चांगले म्हणते. ज्या उसासाठी आपली माणसे सहा-सहा महिने कोपीत राहतात, त्याच उसाची साखर घरी दुखणे आणते. आधी दोन चमच्यांचा दीड करा, मग एक. नंतर चहाची संख्या कमी करा.

*ताटाची मांडणी.* भाकरी शत्रू नाही. ज्वारीच्या भाकरीत तंतू असतात आणि ती चावून खावी लागते. अडचण आहे ती तीन भाकरी आणि चमचाभर भाजी या हिशोबाची. अर्धे ताट भाजी आणि कच्च्या कांदा-काकडी-गाजराने भरा. तांदुळजा, शेपू, अंबाडी, घोळ या भाज्या महाग नाहीत. पाव ताट डाळ, मटकी, हुलगे, अंडे किंवा मासळी-मटण. उरलेल्या पाव ताटात भाकरी किंवा भात, दोन्ही एकदम नको.

*वाढण्याची रीत.* राजाप्रमाणे शिजवतानाच मूठभर कमी घ्या. नाहीतर उरलेले वाया जाऊ नये म्हणून घरातली बाईच ते संपवते, आणि वजन तिचे वाढते.

*संध्याकाळचे जेवण.* रात्री दहाला जेवून लगेच झोपण्याऐवजी आठच्या आत जेवा. मधल्या वेळेला भजीऐवजी फुटाणे किंवा मूठभर शेंगदाणे चालतील.

*तेल.* महिन्याला घरात किती तेल लागते ते लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्यात अर्धा किलो कमी आणा. तेलाचा हिशोब किराण्याच्या यादीतच लागतो, कढईजवळ लागत नाही.

आपला सुदर्शन कोण?

राजाला शंभर कार्षापण मोजावे लागले. आपल्याकडे हे काम फुकट होऊ शकते, कारण आपल्याकडे विहार आहे. वर्षावासात दर रविवारी ग्रंथवाचनाला जमणाऱ्यांनी महिन्यातून एकदा शिंप्याचा टेप काढून कमरेचे माप वहीत लिहावे. पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. स्त्रियांची मापे स्त्रियांनीच घ्यावीत आणि कुणाची वही चारचौघांत वाचू नये. जाडीवरून चिडवणे हे सम्यक वाणीत बसत नाही.

कार्यक्रमांपासूनही सुरुवात करता येईल. जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला खीर जरूर असावी, पण वाटी लहान असावी. बैठकीत प्रत्येक वेळी चहा-बिस्किटच का? उकडलेले हरभरे किंवा ताकही चालते. आणि "घ्याच अजून एक" हा आग्रह थांबवणे, हा तर खर्च न होणारा उपाय आहे.

कोणी जपावे

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा आणि प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे, नाहीतर साखर अचानक उतरते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवणाची पद्धत मराठवाड्यात अनेकजण पाळतात, त्यांनाही हे लागू आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी, रक्तक्षय असलेल्या मुलींनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी जेवण कमी करू नये. ऊसतोडीला जाणाऱ्या, दिवसभर कोयता चालवणाऱ्या माणसाला तर पोटभर आणि सकस अन्नच हवे. त्याच्यासाठी मागणी करायची ती धान्याबरोबर डाळ आणि तेलही मिळण्याची.

धम्मपदात आरोग्याला सर्वात मोठा लाभ म्हटले आहे. ज्या समाजाला शतकानुशतके ताटात काय पडेल हे दुसऱ्याने ठरवून दिले, त्या समाजाने आज आपले ताट स्वतः समजून-उमजून वाढून घेणे हाही स्वाभिमानच आहे. आज रात्री जेवताना शेवटच्या घासापाशी क्षणभर थांबा. भूक भागली असेल तर तो घास राहू द्या आणि उद्या तेवढे कमी शिजवा.

नमो बुद्धाय! जय भीम!