अम्लपित्त आणि जठरांतील जंतु

आमच्या सोलापुरांत कोणाच्या पोटांत जळजळूं लागलें, कीं आळ येतो तो शेंगांच्या चटणीवर! मग चिमूटभर सोडा, वाटीभर थंड दूध, आणि ‘पित्त झालें’ हें घरोघरचें निदान. माधवनिदानांतहि अम्लपित्ताचें स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हां विकार कांहीं नवा नव्हे. परंतु चटणीनें जळजळ वाढेल. जठरांतील व्रणाचें कारण बहुधा निराळेंच असतें : वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक, नाहीं तर एक जंतु.

ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनीं १९८२ सालीं हा मळसूत्री जंतु जठरांतून काढून वाढविला. भर आम्लांत जंतु जगतो, हें कोणी मानीना. म्हणून १९८४ सालीं मार्शल यांनीं तो स्वतःच प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला! २००५ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हें जंतूचें नांव.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें १९९४ सालीं त्यास कर्करोगजनक ठरविलें. तथापि घाबरूं नये. भारतांत हा जंतु असंख्य लोकांच्या पोटांत असतो. कर्करोग थोड्यांसच होतो. आमच्याच जिल्ह्यांत बार्शी येथें १९८७ पासून ग्रामीण भागांतील कर्करोगाची नोंद ठेवली जाते. तींत जठराच्या कर्करोगाचें प्रमाण जपानच्या मानानें फारच कमी आहे. मात्र कोणाचा जंतु पुढें उलटेल, हें आधीं सांगतां येत नाहीं.

म्हणून दुखणें वारंवार उलटत असेल, तर सोड्यावर वर्षें काढूं नयेत. श्वास वा मळ तपासून, किंवा दुर्बिणीनें, जंतूचा छडा लागतो. निदान दोन जंतुनाशक औषधें व आम्ल कमी करणारें एक, अशीं तीं बहुधा १४ दिवस घ्यावीं लागतात. चार दिवसांत बरें वाटलें म्हणून गोळ्या फडताळांत टाकल्या, तर जंतु औषधास दाद देईनासा होतो. उपचारानंतर निदान ४ आठवड्यांनीं पुन्हा तपासून खातरी करावी. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून अशी मोहीम चालली. तेथें जठराचा कर्करोग सुमारें निम्म्यानें घटला.

हा जंतु बहुधा लहानपणीं घरच्याच माणसांकडून लागतो. यास्तव घांस चावून नातवंडास भरविण्याची प्रेमळ रीत आजीबाईंनीं सोडावी. वजन घटूं लागलें, शौचास काळें झालें, वा घांस उतरेनासा झाला, तर विनाविलंब डॉक्टर गांठावा. घरांतील वडील माणसें आपलें दुखणें सहसा बोलून दाखवीत नाहींत. तें विचारणें हें मुलांसुनांचें काम आहे.