दारू सोडणाऱ्याची सोबत

दारू सोडण्याचा निश्चय एका रात्रींत होऊं शकतो. तो टिकविण्याचें काम मात्र रोजचें असतें, आणि तें एकट्यानें क्वचितच साधतें. बल्लारपुरासारख्या गांवीं ही गोष्ट विशेष ध्यानांत येते. वर्धा नदीच्या कांठचें, गोंड राजांच्या किल्ल्याचें हें जुनें गांव. त्याला आजचें रूप कोळशाच्या खाणी, कागदाचा कारखाना आणि रेल्वे यांनीं दिलें. पाळीपाळीनें चालणारें काम, थकलेलें शरीर आणि पाळी सुटतांच भेटणारी मित्रमंडळी यांतून पिण्याची संवय केव्हां जडली, हें पुष्कळांना कळतही नाहीं.

कायद्यानें हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्न या भागांत झालेला आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ सालीं दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यांतील स्त्रियांनीं २०१० सालीं चिमूरहून नागपूरपर्यंत पायीं मोर्चा नेला. पुढें १ एप्रिल २०१५ पासून या जिल्ह्यांतही बंदी आली, आणि २०२१ सालीं शासनानें ती उठविली. बंदी असावी कीं नसावी, हा वाद मोठा आहे. परंतु ज्याचे हात सकाळीं प्याल्यावांचून स्थिर होत नाहींत, त्याच्यापुढील प्रश्न निराळा आहे. दुकान उघडें असो वा बंद असो, त्याला आजचा दिवस न पितां काढावयाचा आहे.

या प्रश्नाचें एक उत्तर १९३५ सालीं अमेरिकेंतील ॲक्रन या शहरीं सांपडलें. न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे शेअरबाजारांतील गृहस्थ कांहीं महिन्यांपूर्वींच दारूंतून सुटले होते. ॲक्रन येथें त्यांचा व्यवहार फिसकटला, आणि हॉटेलांतील मद्यालय त्यांना खुणावूं लागलें. तिकडे न वळतां त्यांनीं टेलिफोन उचलला आणि गांवांतील धर्मोपदेशकांकडे आपल्यासारख्याच एखाद्या पिणाऱ्याची चौकशी केली. त्यांतून डॉ. बॉब स्मिथ यांची गांठ पडली. उपदेशाला दाद न देणाऱ्या डॉक्टरांनीं स्वतः भोगलेल्या माणसाचें बोलणें मात्र मन लावून ऐकलें. १० जून १९३५ हा डॉक्टरांच्या पिण्याचा शेवटचा दिवस, आणि तोच ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या संघाचा जन्मदिन मानला जातो. दुसऱ्यास सांवरतांना आपण सांवरतों, हें या भेटीचें मर्म होय.

या संघाच्या बैठकीस वर्गणीची सक्ती नाहीं. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. आडनांव कोणी विचारीत नाहीं, आणि तेथें ऐकलेलें बाहेर बोलावयाचें नाहीं, असा संकेत आहे. एक जण आपली हकीकत सांगतो, इतर ऐकतात. जन्मभराच्या शपथेऐवजीं ‘आजचा दिवस’ एवढीच भाषा असते. घरीं आणि कामावर सबबी सांगून थकलेल्या माणसास खरें बोलण्याची ही बहुधा पहिलीच जागा असते.

महाराष्ट्रांत डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं पुण्यास स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’ केंद्रानें उपचारानंतरच्या पाठपुराव्याच्या सभांना असेंच महत्त्व दिलें, आणि पत्नींसाठीं ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालविला. गडचिरोलींत ‘मुक्तिपथ’ अभियानानें २०१६ पासून गांवांतील संघटना आणि तालुक्याच्या ठिकाणचा उपचार यांची जोड घातली.

मग आपल्या गांवीं असा गट शोधावा कसा? प्रथम डॉक्टर आणि मग गट, हा क्रम चुकवूं नये. रोज भरपूर पिणाऱ्यानें दारू एकाएकीं तोडल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगीं तें जीवावर बेततें. बल्लारपूरकरांस चंद्रपूरचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. तेथील मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे उपचाराबरोबरच बैठकींचीही चौकशी करावी. केंद्रशासनाच्या १४४४६ या विनामूल्य दूरध्वनीवरही व्यसनमुक्तीविषयीं सल्ला मिळतो.

गट निवडतांना बैठकीची वेळ कामाच्या पाळीशीं जुळते ना, हें आधीं पाहावें. जेथें दर आठवड्यास जाणें जमत नाहीं, तो गट कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाहीं. खात्रीच्या मुक्तीचें आश्वासन देणारा, मारझोड करणारा किंवा अन्नांतून नकळत देण्याची पूड विकणारा कोणीही असो, त्यापासून दूर राहावें. पिणारा येण्यास तयार नसेल, तर पत्नीनें वा आईनें कुटुंबीयांच्या गटांत एकटीनें जावें. तिलाही बोलण्याची तितकीच गरज असते. आणि मध्येंच पाय घसरला, तरी लाजेनें बैठक सोडूं नये. त्याच आठवड्यांत पुन्हां जाऊन बसावें.

जवळपास गटच नसेल, तर काय? ॲक्रन येथें आरंभीं दोनच माणसें होतीं. डॉक्टरांच्या सल्ल्यानें दारू सोडलेले दोघे जण ठरल्या वारीं, ठरल्या वेळीं, एखाद्या शाळेच्या खोलींत वा वाचनालयांत भेटूं लागले, कीं गटाचा आरंभ झालाच. तिसऱ्यासाठीं एक जागा मात्र मोकळी ठेवावी.